त्या सह्या खऱ्या होत्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आणि सांगताना मला रडूबिडू येत नाहीये. संताप येतोय. स्वतःचाच.

जर्मनीत कोलोनजवळच्या आमच्या गावात नगरपालिकेनं पोहण्याचा तलाव बंद करायचं ठरवलं, तेव्हाची गोष्ट. लोकांनी विरोधात सह्या गोळा केल्या. त्या तपासायला नगरपालिकेनं तात्पुरती माणसं घेतली, त्यांत मी होते. नाव-पत्ता नोंदीशी जुळतो का, माणसाला मताचा हक्क आहे का, सही त्याचीच आहे का — एवढंच बघायचं.

आमच्या मराठी मंडळातल्या, जर्मन नागरिकत्व घेतलेल्या लोकांच्या सह्या नीलावहिनींनी आणल्या होत्या. आणि आणल्या कशा? आपल्या रीतीनं! फॉर्म एकानं भरायचा, बाकीच्यांनी सही ठोकायची. सगळी नावं वहिनींच्या टपोऱ्या अक्षरात, पुढे सह्या — बहुतेक देवनागरीत. दिवाळीच्या कार्यक्रमात एका हातात फराळाची बशी धरून लोक सह्या करत होते. मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच कार्यक्रमात वहिनींनी सगळ्यांसमोर माझं जर्मन सुधारलं. वर म्हणाल्या, "इतकी वर्षं इथे काय नुसत्या पोळ्याच लाटल्यास का गं?" लोक हसले. माझा नवराही हसला. पण याला काय कारण म्हणायचं? एवढ्याशा गोष्टीला?

आमच्या वरिष्ठ, फ्राऊ बेकर, यांना सगळीकडे एकच हस्ताक्षर बघून शंका आली. नाव-पत्ता दुसऱ्यानं लिहिला तर चालतो, सही मात्र ज्याची त्यानंच करायची. त्यांना ती लिपी कळेना. ऑफिसात ती वाचता येणारी मी एकटी. त्यांनी विचारलं — या वेगवेगळ्या माणसांच्या सह्या आहेत का?

मी म्हणाले, नाही. एकाच हातच्या दिसतात.

अगदी शांतपणे म्हणाले. आणि त्या बाईंनी — गेनाऊ, अगदी बरोबर, मलाही तेच वाटलं, म्हणत सगळ्या बाद केल्या! दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही.

तलाव इतरांच्या सह्यांवर वाचला. वहिनींवर मात्र खोट्या सह्या करणारी बाई असा शिक्का बसला. मोहिमेतल्या जर्मन बायकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. आणि ज्यांनी सह्या केल्या, ते आमचे शूरवीर? नवा पासपोर्ट, उगाच कशाला भानगड — सगळे मूग गिळून बसले. त्यांचाही मला राग येतो. पण तो सोयीचा राग आहे, कळतं मला.

एके दुपारी वहिनी घरी आल्या. माझ्याकडेच! "तू तिथे आहेस ना गं. तू बघितलंस सगळ्यांना सह्या करताना. सांग की त्यांना."

मी म्हटलं, "वहिनी, मी तिथे साधी टेम्पररी. माझं कोण ऐकतंय?"

त्यांना ते पटलं. उलट माझीच समजूत घालून गेल्या — जाऊ दे, तुझी नोकरी नको धोक्यात.

पुढच्या दिवाळीला वहिनी मंडळात आल्या नाहीत. दरवर्षी त्या करायच्या ते सूत्रसंचालन त्या वर्षी मी केलं. छान झालं, असं सगळे म्हणाले.