अळीसाठी पेरणारे चाचा

अळ्यांना जेवू घालणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या बीबी गावात होता. आमचे शेजारी चाचा. अख्खं गाव त्यांना 'अळीवाले चाचा' म्हणायचं, आणि तेही त्या नावाला खुशाल ओ द्यायचे.

जिच्या अंगातच अळीला मारणारं जहर असतं, त्या बीटी कपाशीच्या बॅगेत साध्या बियाण्याचीही एक पुडी यायची. ती शेताच्या कडेनं लावायची असते. गावातले शहाणे ती धुऱ्यावर, बांधाच्या गवतात भिरकावून द्यायचे. जमीन काय फुकट आली का? चाचा मात्र चारही बाजूंनी ते बियाणं इमानदारीनं लावायचे. "अळीले साधं खायले भेटू दे, पोरी. नाही त तिले जहराची आदत लागते. मंग बीटी तिचं काहीच वाकडं करत नाही."

पण अळी काय एका वावरात थांबते? एका साली गुलाबी बोंडअळी आली आणि तिनं कोणाला म्हणून सोडलं नाही. चाचांचीही बोंडं किडली. लोक हसले. माझाच जीव तळमळला. "चाचा, नियम पाळून काय मिळालं?"

"एकट्यानं पाळून भागत नाही. म्हनून सोडून द्याचं का?" पुढच्या हंगामात पुन्हा तेच! हट्टी म्हणजे किती हट्टी!

मी शिकले आणि एका खासगी कंपनीत लागले. तिकीट काढून अंतराळात जाणाऱ्या लोकांचं यान परतताना पॅराशुटांवर उतरतं. ती पॅराशुटं आम्ही करतो. हे ऐकून चाचांनी एवढंच विचारलं, "एक छत्री नाही उघडली त?"

एक छत्री बंद ठेवून यान उतरवायचं, नेमकी तीच चाचणी साहेबांना नको होती. "संगणकावर गणित जमलंय. बाकीच्या कंपन्या कुठे करतात? तुम्ही मंजुरीची सही करा." मी चाचांना फोन केला. ते आजारी होते, आवाज पार खोल गेलेला.

"तू सोता बसशीन त्यात?"

"नाही."

"मंग दुसऱ्याले कशाले बसवतं?"

मी सही केली नाही. साहेबांनी नोकरीवरून काढायची धमकी दिली. मीही हट्टाला पेटले. अखेर चाचणी ठरली, पण तोवर चाचा गेले होते.

एक पॅराशूट मुद्दाम बंद ठेवलं. उरलेल्यांचे दोर ताडकन तुटले आणि यान माळावर आपटून चेंदामेंदा झालं. मी बाहेर येऊन चाचीला फोन लावला आणि हुंदके देत कसंबसं सगळं सांगितलं.

"या अल्ला! आत कोन होतं?"

"कोणीच नाही, चाची. रिकामं होतं."

"मंग रडून काऊन राह्यली?"