कुमारेकडे अडकलेलं डिपॉझिट

मेर्लीला डिपॉझिट परत मिळालं, तेही सगळंच्या सगळं, ही बातमी कोन्सिंगला नळावर कळली. बादली भरून वाहायला लागली तरी तिला भान नव्हतं.

मेर्ली म्हणजे वरच्या मजल्यावरची भाडेकरू, बाजारात मासळी विकणारी. या घरात ती आली परवा-परवा. जिन्यातच ओल्या चपला सोडायची, आणि घरमालकीण आलिंग चोलेंग समोर आली तर मान हलवून पुढे जायची. कधी नमस्कार नाही, चौकशी नाही. कोन्सिंग मात्र खालच्या खोलीत बारा वर्षं राहत होती. मारिकिना शहरात बुटांचे कारखाने गल्लोगल्ली. त्यांच्यासाठी ती घरबसल्या बुटांचे वरचे भाग शिवायची. नवरा जहाजावर गेला आणि तिकडेच कुठल्याशा बंदरात दुसरा संसार मांडून बसला. पदरात एक मुलगी, रोवेना.

या रोवेनाच्या जन्माच्या वेळी कोन्सिंगने स्वतःला फार शहाणं समजून एक गोष्ट केली होती. सख्खी बहीण हक्काने वाट बघत असताना तिला डावलून तिने मालकिणीला मुलीची धर्माची आई केलं. बाप्तिस्मा झाला आणि त्या दिवसापासून दोघी एकमेकींना 'कुमारे' म्हणायला लागल्या. मुलीची एक जन्माची आई, एक धर्माची, म्हणजे दोघी बहिणीच. कुमारे काही कुमारेला घराबाहेर काढत नाही, हा हिशोब. तो अगदीच चुकला असंही नाही. इतरांच्या मानाने तिचं भाडं हळूहळू वाढलं. पण त्याच्या बदल्यात दर जत्रेला मालकिणीच्या स्वयंपाकघरात ढीगभर लसूण कोण सोलायचं? कोन्सिंग. मालकिणीच्या चपलांचे पट्टे फुकट कोण शिवून द्यायचं? कोन्सिंगच. आणि दोन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट कधी, कसं परत मिळणार, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. बहिणीला कोणी असं विचारतं का?

आता विचारावं लागलं. रोवेनाच्या शाळेजवळ एक खोली रिकामी झाली होती. रस्त्याकडे उघडणारी खिडकी होती, म्हणजे मशीन तिथे लावून कारखान्याच्या मुकादमाला न विचारता सरळ गिऱ्हाइकांची कामं घेता आली असती. नव्या मालकाला महिनाअखेर डिपॉझिट हवं होतं. जुनं सुटल्याशिवाय नवं भरायचं कुठून?

मालकिणीने कॉफी दिली, तांदळाच्या वाफवलेल्या गोड वड्यांची बशी पुढे केली आणि म्हणाली, ''कुमारे, आपल्यात कसले गं हिशोब?'' मग हळूच भिंतीचा विषय काढला. मागच्या पुरात खालच्या खोलीच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला चिखलाची रेघ उठली होती, ती रंगवायची, गिलावा काढायचा, म्हणजे उरणार काय. ती रेघ कोन्सिंगने गुडघ्यांवर बसून घासली होती, हे बोलायचं तिला सुचलंच नाही. उरलेल्या वड्या घेऊन ती खाली आली.

आणि दोनच दिवसांनी नळावर ही मेर्ली!

''मोरी फुटलीय म्हणून पैसे कापत होती,'' मेर्ली सांगत होती, ''मी म्हटलं, मी आले तेव्हाच फुटकी होती. वस्तीच्या बारांगाय कचेरीत गेले. कॅप्टनसमोर दोघींना बसवलं, वकील नाही, फी नाही. व्याजसुद्धा द्यायला लावलं. ताई, तुम्ही पण जा की.'' मग बादली उचलता उचलता म्हणाली, ''हो, पण तुमचं घरचं नातं. तुम्हाला काय गरज.''

कोन्सिंगच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बारा वर्षं लसूण सोलला तिने, आणि व्याज मिळालं हिला! त्या संध्याकाळी तिने आणखी वाईट पाहिलं. मेर्ली खोली सोडून सामान घेऊन जिना उतरत होती आणि मालकीण भिंतीला टेकून तिला वाट देत होती. कोन्सिंगला या जिन्यात कधी कोणी वाट दिली नव्हती. खरं सांगायचं तर भाडेकरूचा हक्क, कायदा वगैरे तिला नंतर सुचलं. आधी डोळ्यांत खुपली ती मेर्ली. दुसऱ्या दिवशी तिने कचेरीत तक्रार नोंदवली.

सुनावणीला मालकीण चर्चला जायचा झगा घालून आली. बारांगायचा कॅप्टन, म्हणजे वस्तीने निवडून दिलेला प्रमुख, पंख्याखाली घाम पुसत बसला होता. बाकांवर शेजारीपाजारी होतेच. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

मालकिणीने आधी भिंत सांगितली. कॅप्टन म्हणाला की पूर त्याच्याही घरात आला होता, त्याच्या भिंतीचे पैसे त्याने कोणाच्या डिपॉझिटमधून कापावे? लोक हसले. मालकीण बिथरली आणि जे बोलू नये ते बोलून गेली.

''पोरीला अकरा नाताळ मी पैशांचं पाकीट दिलंय. ते कुठून दिलं? तिच्या आईच्याच पैशातनं दिलं, असं समजा.''

बाकांवर कुजबुज सुरू झाली. धर्माच्या आईने नाताळची भेट हिशोबात धरायची, हे कोणी ऐकलं नव्हतं. कोन्सिंगने मान खाली घातली. लाज मालकिणीला वाटायची ती हिलाच वाटली.

''आलिंग,'' कॅप्टन मान खाजवत म्हणाला, ''भेटी परत घ्यायला लागलो तर उद्या सगळी वस्ती माझ्या दारात उभी राहील. विजेचं शेवटचं बिल कापा आणि बाकीचं देऊन टाका.''

मालकिणीने तिथेच पैसे मोजून दिले. बाहेर पायरीवर ती कोन्सिंगजवळ थांबली. ''मेर्लीचं मला काही वाटलं नाही,'' ती म्हणाली. ''परकी बाई. भांडली, मिटलं. तू तर घरची होतीस.'' यावेळी 'कुमारे' म्हणाली नाही.

नवी खोली मिळाली. खिडकीत मशीन आलं, गिऱ्हाइकंही यायला लागली. कोन्सिंगने ठरवलं होतं तसंच सगळं झालं. फक्त जत्रेचं बोलावणं आलं नाही. मेर्लीला मात्र आलं, आणि ती जेवूनही आली, हे बाजारातल्या दहा तोंडांनी कोन्सिंगपर्यंत पोचवलं. पुन्हा पोटात दुखायला लागलं. आता तर पैशाचाही प्रश्न नव्हता.

नाताळला तिने रोवेनाला नवा फ्रॉक घालून धर्माच्या आईकडे, तिच्या निनांगकडे, पाया पडायला पाठवलं. मोठ्यांच्या भांडणात पोरीचा मान का बुडवायचा? स्वतः खिडकीशी बसली. शिवायचं काही नव्हतं, तरी मशीन पुसत राहिली.

रोवेना परतली ती पाकीट घेऊन. कोन्सिंगने पाकिटाकडे बघितलंही नाही.

''स्वयंपाकघरात कोण होतं?''

''मेर्लीताई. लसूण सोलत होती.''

''माझ्या स्टुलावर बसली होती?''

''हो. पण तिला सोलता येत नाही. सालासकट ठेचते. निनांग तिला ओरडत होत्या, कोन्सिंगला बघून शिकायला हवं होतंस म्हणून.''

कोन्सिंगने फडकं खाली ठेवलं. ''कोन्सिंग म्हणाल्या, की कुमारे?''

रोवेनाने आठवून बघितलं. ''कुमारे,'' ती म्हणाली.

''हात धू,'' कोन्सिंग म्हणाली, ''आणि ते पाकीट फळीवर ठेव. संध्याकाळी मी येते म्हणून सांगून ये. लसणाची सुरी माझी मी आणते म्हणावं.''