डोकं उचलतोयस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना त्यांच्या शेवटच्या दिवसांत नाही, आणि दर वर्षी ज्याच्यासमोर डोळे मिटून उभा राहतो त्या आमच्या नाहूरच्या गणपतीलाही नाही. त्याला माहीत असेलच, पण मी होऊन सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि गेल्या सोमवारपासून मला जेवण जात नाही म्हणून.

मी गोल्फ शिकवतो. हसा खुशाल. गिरणीतल्या माणसाचा मालवणी पोरगा आणि गोल्फ—माझा बाप मरेपर्यंत हसला. पूर्व उपनगरात एक क्लब आहे, त्याचं नाव सांगत नाही, कारण यात क्लबाचा काही दोष नाही. तिथे लांबचे फटके शिकवणारे दुसरे आहेत. माझ्याकडे लोक येतात ते शेवटच्या तीस पावलांसाठी. चेंडू ग्रीनजवळ, म्हणजे त्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळ येऊन पडतो आणि तिथे भल्याभल्यांची वाट लागते. मुलुंडचे डॉक्टर, घाटकोपरचे व्यापारी, सगळे तिथे घामाघूम होतात. त्यांना मी चिप शिकवतो, म्हणजे चेंडू जरासा उचलायचा आणि उरलेलं अंतर घरंगळू द्यायचा. पिच शिकवतो, म्हणजे उंच उडवून अलगद टाकायचा. वजन डाव्या पायावर, हात काठीच्या जरा पुढे, मनगट सैल. आणि मग माझं ते गाजलेलं वाक्य: ‘भोकाकडे बघू नका. चेंडू कुठे पडायला हवा तेवढंच ठिकाण बघा. पुढचं त्याचं तो बघून घेतो.’

हे वाक्य लोक वहीत लिहून घेतात. एकाने तर छापून ऑफिसात लावलंय, खाली माझं नाव घालून.

ते वाक्य माझं नाही. हरेश्वरचं आहे. पण थांबा, कबुली ही नाही. नुसती वाक्याची चोरी असती तर मी एवढा वेळ पाण्याचे घोट घेत बसलो नसतो.

हरेश्वर माहुलचा कोळी. मी आणि तो एकाच वर्षी कॅडी म्हणून लागलो, म्हणजे साहेब लोकांच्या काठ्यांची बॅग खांद्यावर घेऊन मैदानभर चालायचं काम. मी गुडघाभर गवतात चेंडू शोधायला वैतागायचो, हा गाणी म्हणत शोधायचा. तो चिप कुठे शिकला माहितीये? घरामागच्या अंगणात. आई तिथे जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, सुकत घालायची आणि अंगणाच्या टोकाला मासळीची रिकामी पाटी ठेवलेली असायची. हा एका साहेबाने टाकून दिलेली काठी घेऊन चेंडू त्या पाटीत घालायचा. जवळ्यावर पडला तर आईचा धपाटा. म्हणून दोन वाळवणांच्या मधली हातभर मोकळी जमीन निवडायची, चेंडू तिथे टाकायचा, की टप्पा घेऊन तो पाटीत. भोकाकडे बघू नये हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जवळ्याने शिकवलं होतं.

सोमवारी क्लब बंद असतो आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. आमची जुनी रीत अशी की खेळायचं ते जोडीने. एक मारणार, दुसरा मागे उभा राहून बघणार. कारण स्वतःचा फटका स्वतःला दिसत नाही, आणि तेव्हा खिशात मोबाइलचे कॅमेरे नव्हते. दर सोमवारी तो मारून झाला की वळून विचारायचा, “बग ना रं इलास, माजा काय चुकतंय? तुला दिसतंय, मना नाय दिसत.” माझं नाव विलास, त्याच्या तोंडी कायम इलास. मी बघायचो आणि जे असेल ते सांगायचो. तो माझं बघायचा. चार वर्षं मी त्याचे डोळे होतो आणि तो माझे. या रीतीत खोटं बोलायचं नसतं हे कुणी कुणाला सांगत नाही. सांगायची गरज का पडावी?

मग चौथ्या वर्षी कॅडींची स्पर्धा आली. जो जिंकेल त्याला क्लब शिकवायच्या कामाला घेणार होता, मदतनीस म्हणून. बॅग उचलणं कायमचं सुटणार होतं. घरी वडील रोज म्हणायचे, “झिला, लोकांच्यो पिशव्यो उचलूनच म्हातारो होतलंस काय?” लांबच्या फटक्यांत आम्ही बरोबरीचे होतो. पण ग्रीनजवळ आल्यावर... ग्रीनजवळ तो साक्षात देव होता आणि मी आपला बरा. सगळ्यांना माहीत होतं की तोच जिंकणार. मलाही.

स्पर्धेच्या आधीचा सोमवार. त्याने दहा चिप मारल्या, नऊ भोकापासून वीतभर अंतरावर. इतकं सुंदर मी आजतागायत पाहिलेलं नाही, शपथेवर सांगतो. आणि तो नेहमीसारखा वळला. “बग ना रं, काय चुकतंय?”

काही नाही. काहीही चुकत नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं—काही नाही रे, झकास.

मी म्हटलं, “डोकं उचलतोयस.”

का म्हटलं? या प्रश्नाभोवती मी इतकी वर्षं फिरतोय. गंमत म्हणून? तोंडातून निसटलं? नाही. मला माहीत होतं मी काय करतोय. चिपच्या वेळी माणसाच्या मनात एकच गोष्ट मावते. तिथे चेंडू पडायची जागा असेल तर स्वतःचं डोकं नाही मावत, आणि स्वतःचं डोकं आलं की ती जागा गेली. हे मला त्यानेच शिकवलं होतं. त्याचीच विद्या मी त्याच्यावर वापरली.

तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. गंभीर झाला. परत उभा राहिला, मान ताठ केली, आणि काठी चेंडूच्या मागे जमिनीत घुसली. चेंडू दोन पावलं सरकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “खरंच की रं. बरा झाला तू सांगितलास.”

त्याने माझे आभार मानले हो.

स्पर्धेत तो अकरावा आला. मी पहिला. त्याने मला खांद्यावर उचलून घेतलं आणि क्लबाच्या फाटकापर्यंत नाचवलं. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? ‘हऱ्या, मी खोटं बोललो, तुझं डोकं हलत नव्हतं.’ आठ शब्दांत काम झालं असतं. पण मग मिळालेलं काम परत द्यावं लागलं असतं. मी मूग गिळून खांद्यावर बसून राहिलो. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

तेव्हापासून त्याचा हात गेला. तुम्ही गोल्फ खेळत नसाल तर समजावणं अवघड आहे. लांबचा फटका नीट जातो, आणि ग्रीनजवळ आला की हात मध्येच गोठतो. काठी खाली येतच नाही, आली तर झटका देऊन येते. डॉक्टर काही सांगू शकत नाही, कारण हाताला काही झालेलं नसतं. वर्षानुवर्षं तो माझ्याकडे येत राहिला. आता मी शिकवणारा होतो, ‘सर’ होतो, माझा शब्द आणखी वजनदार झाला होता. आणि मी दर वेळी तेच सांगितलं, डोकं. दुसरं काय सांगणार? पहिलं खोटं उभं ठेवायला दुसरं लागतं.

आता तो सत्तावन्न वर्षांचा आहे. गुडघे संपलेत. चढावर बॅग घेऊन थांबतो आणि चेंडू शोधत असल्याचं नाटक करतो. मी लांबून बघतो आणि मला कळतं.

दोन महिन्यांपूर्वी क्लबाने ठरवलं की लहान मुलांना चिप शिकवायला जुन्या कॅडींमधून एक माणूस घ्यायचा. बॅग नाही, चढ नाही, सावलीतलं काम. चाचणी अगदी साधी: दहा चिप मारून दाखवायच्या. हरेश्वर त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला, खिशातून मोबाइल काढला. त्याच्या मुलीने, प्राचीने, त्याचा व्हिडिओ घेतला होता. प्राची घाटकोपरला नर्स आहे, हुशार मुलगी. तो म्हणाला, “इलास, बग रं. माजा डोका तर यात हलत नाय.”

हलत नव्हतंच. दगडासारखं स्थिर होतं, बिचाऱ्याने इतक्या वर्षांत मान लोखंडाची करून घेतली होती. पुरावा माझ्या हातात होता. ‘हो रे, नाही हलत. कधीच नाही हललं.’ संपलं असतं. मी काय केलं असेल? चष्मा लावला. व्हिडिओ दोनदा पाहिला. आणि म्हटलं, “मोबाइलमध्ये दिसत नाही ते. मला दिसतं.”

त्याने मान डोलावली. स्वतःच्या डोळ्यांवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला. मला काय भीती होती, सांगू? त्याचा हात परत आला असता तर आठ दिवसांत मुलुंडच्या डॉक्टरांपासून सगळ्यांना कळलं असतं की हा सर कुणाची नक्कल करतो. एवढीच भीती. इतकी क्षुद्र.

चाचणी झाली. बघायला मीच होतो. दहातल्या सात चिप जमिनीत. काम दुसऱ्याला गेलं. जाताना तो म्हणाला, “तू व्हतास म्हनून तीन तरी लागल्या.”

त्यानंतर मला राहवेना. गेल्या सोमवारी सकाळी मी माहुलला गेलो, सांगायचं ठरवूनच. रिक्षात वाक्य घोकत होतो. आता तर सांगण्यात माझं काही जाणारही नव्हतं. काम दुसऱ्याला मिळालं होतं, स्पर्धा जुनी झाली होती, मला पुढच्या वर्षी क्लब निवृत्त करणार होता.

तो मागच्या अंगणात होता. आई केव्हाच गेली, जवळा आता कुणी घालत नाही, पण टोकाला पाटी होती. तो काठी घेऊन वाकला होता आणि त्याच्या समोर, हात लांब करून प्राची उभी होती. रात्रपाळी करून आलेली, अजून पांढऱ्या कपड्यांत. दोन्ही हातांनी तिने बापाचं डोकं घट्ट धरलं होतं, हलू नये म्हणून. तो मारत होता, चेंडू जमिनीत रुतत होता, आणि ती परत धरत होती.

त्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. “बरा झाला आलास. बग.” त्याने मारला. चेंडू चार पावलं गेला. डोकं तिच्या हातात होतं हो, कुठे जाणार होतं ते?

प्राचीने माझ्याकडे पाहिलं. “काका, आता हललं का?”

वाक्य तोंडात तयार होतं. माझं जाणार असं काहीच नव्हतं.

मी म्हटलं, “थोडंसं.”

तिने मान हलवली, आणि अजून घट्ट धरलं.