सांडलं तर मीच पुसते

करंजाड्याच्या बालवाडीत नातवाला आणायला मी रोज जाते. तिथं एक चार वर्सांची पोर हाय. नाव नाय ठाव. जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी जग धरून पेल्यात पाणी ओतते. एकदा सांडलं तवा मी धावले, तर म्हणते, "आजी, हात नको लावू. सांडलं तर मीच पुसते." आन् फडका आणून पुसलं बी!

मी तिच्याहून थोडी मोठी असताना मिठागरात मिठाच्या टोपल्या वाहिल्या. तवा कुनी म्हणलं नाय, सांडंल म्हणून. आता हात थरथरतो, तर सून मला चहा पन ओतू देत नाय.

त्या दिशी घरी येऊन चहाचा टोप मीच उचलला. सून ओरडली, "आये, सांडंल!"

"हात नको लावू, पोरी. सांडलं तर मीच पुसते."

सांडलाच. फडका गावंना, मंग पदरानंच पुसला. उरला अर्धा कप, तो सुनेला दिला.