वहिनींच्या टू-सीटरला कोणतं इंजिन?

"डिझेल टाकायचं. विषय संपला," चीफ म्हणाले आणि त्यांनी टेम्पोवाल्याला गाडी मागे घ्यायची खूण केली.

विषय संपला नव्हता, अजून सुरूही झाला नव्हता. नेरूळजवळ शिरवण्याला माझं गॅरेज. माझ्या शेडमध्ये गिऱ्हाईक गाडी घेऊन येतं, तक्रार घेऊन येतं, कधी भांडण घेऊनही येतं. पण बदलीचं इंजिन स्वतःच विकत घेऊन, ताडपत्रीत गुंडाळून, टेम्पोत घालून आणणारं हे पहिलंच.

चीफ म्हणजे सावंत. मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनीयर. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, फ्लॅट नेरूळला. वर्षातले सात-आठ महिने जहाजावर आणि उरलेले सोसायटीत. सोसायटीतले सगळे त्यांना चीफ म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचो. त्यांच्या मागोमाग वसुधावहिनी उतरल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या. आणि शेडच्या कोपऱ्यात आदल्या आठवड्यापासून उभी असलेली गाडी त्यांची होती.

गाडी विलायती. साठच्या दशकातली, कापडी टपाची, दोनच माणसं बसतील अशी, बाटलीच्या हिरव्या रंगाची. वहिनींचे वडील पेणला डॉक्टर होते, त्यांची ही गाडी. वहिनी कॉलेजात असताना हिच्यावरच गाडी शिकल्या. आरसी बुकावर नाव त्यांचं आणि गाडी चालवायच्याही त्याच. चीफ घरी असले की शेजारी बसायचे आणि रस्त्यापेक्षा टेंपरेचरच्या काट्याकडे जास्त बघायचे.

आधीच्या उन्हाळ्यात वहिनी एकट्या पेणला निघाल्या होत्या. कर्नाळ्याच्या अलीकडे रेडिएटरचा होज फुटला. कुणीतरी रस्त्यावरचा मेकॅनिक मदतीला आला आणि त्याने तापलेल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतलं. ब्लॉक तडकला. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं मुख्य धड, त्यातच पिस्टन चालतात. ते गेलं की इंजिन गेलं. वहिनी अंधार पडेपर्यंत तिथे उभ्या होत्या. चीफ तेव्हा भर समुद्रात होते. त्यांना हे समजलं तेव्हा ते काहीच करू शकत नव्हते, आणि हीच गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती.

"शिंदे, सरळ सांगतो," ते मला म्हणाले. "कर्जतला एका माणसाचं फार्महाऊस आहे. त्याला ही हॉलमध्ये शोभेला ठेवायची आहे. मी त्याला थांबवून ठेवलाय. माझी ही सुट्टी आहे तोवर गाडी नीट झाली तर ठीक. आणि मी जहाजावर असताना ही एकदा जरी अडकली, तर मग विकायची. वसूला मान्य आहे."

"मान्य नाही," वहिनी म्हणाल्या. "ऐकून घेतलंय फक्त."

असा मामला होता. गाडी राहणार की हॉलमध्ये जाणार, ते मी कोणतं इंजिन बसवतो यावर होतं.

परदेशातून जुना ब्लॉक मागवायचा तर चीफची सुट्टी संपून गेली असती, म्हणून तो रस्ता बंद. उरले तीन. पहिला, चीफने आणलेलं डिझेल, टेम्पोचं. तेव्हा जो उठेल तो पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन टाकत होता, टॅक्सीवाल्यांपासून कारखानदारांपर्यंत. दुसरा, आपल्याकडच्या मोठ्या सेडानचं अठराशे सीसीचं पेट्रोल इंजिन. सरकारी साहेबांची आणि लग्नाच्या वरातीची गाडी असायची, ती. तिसरा, कुर्ल्याच्या भंगारबाजारात येणारं जपानी सेकंडहॅण्ड. हलकं, अ‍ॅल्युमिनियमचं, पाच गेअरच्या गेअरबॉक्ससकट. खरं सांगायचं तर माझा जीव त्या तिसऱ्यावर होता. असं इंजिन अशा गाडीत बसवायला मिळणं म्हणजे सण. पण माझ्या सणाचा खर्च दुसऱ्याच्या बायकोने रस्त्यात उभं राहून का करावा?

"डिझेलच का?" मी विचारलं.

"बंद पडत नाही. प्लग नाही, करंटची भानगड नाही. मी आयुष्यभर डिझेल चालवतोय."

"जहाजाचं, चीफ. जहाजाला घाटात वळायचं नसतं."

"वजन म्हणतोस ना तू? असून असून किती असेल?"

आता वजनावर वाद घालण्यात अर्थ नसतो. आकडा सांगितला की माणूस मान डोलावतो आणि विसरतो. माझी पद्धत वेगळी. जे वजन येणार आहे ते आधी गाडीवर ठेवायचं आणि मालकाच्या हातात स्टिअरिंग द्यायचं.

शेडमध्ये शेजारच्या बांधकामाच्या सिमेंटच्या गोणी पडल्या होत्या. बॉनेट काढलं, मेलेल्या इंजिनावर फळी टाकली आणि दोन गोणी दोराने आवळून बांधल्या. जुनं इंजिन अधिक दोन गोणी म्हणजे साधारण चीफचं डिझेल. माझा फॅब्रिकेटर बाळाराम म्हात्रे गावातलाच, त्याने कमरेवर हात ठेवून बघितलं.

"शेट, ही गारी हाय का खेलना?" तो म्हणाला. "नाक तं पार खाली गेलाय हिचा."

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली आणि माझ्या जीपला टो केली. वहिनींना जीप चालवायला दिली. चीफ टू-सीटरच्या स्टिअरिंगवर आणि मी त्यांच्या शेजारी. नेरूळच्या मागच्या सेक्टरांत तेव्हा रस्ते झाले होते आणि बिल्डिंगा यायच्या होत्या. एवढी मोकळी टेस्टिंगची जागा मला परत मिळाली नाही.

सरळ रस्त्यावर चीफ खुशीत होते. "बघ, काही फरक नाही."

पहिल्या वळणावर त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं. दुसऱ्या वळणावर ते सीटवरून अर्धे उठले. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही आणि ब्रेकही पायाच्या जोरावरच लागतात. तिसऱ्या वळणानंतर वहिनींनी जीप हळू केली. टो केलेल्या गाडीत मागच्याने ब्रेक सांभाळायचा असतो. चीफने ब्रेक दाबला. आणखी दाबला. गाडी आपल्या मनाने पुढे जात राहिली आणि जीपच्या मागे लटकवलेल्या स्टेपनीवर हळूच जाऊन टेकली.

वहिनी जीपमधून उतरून मागे आल्या. नुकसान काहीच झालं नव्हतं. चीफ खांदा चोळत होते.

"उतारावर, मागे ट्रक असताना, हे मी रोज करायचं का?" वहिनींनी विचारलं.

"नाय गो," चीफ म्हणाले. "टेम्पोवाल्याला बोलव रे शिंदे."

डिझेलचा विषय तिथे संपला. पण चीफ हार मानून गप्प बसणारे नव्हते. त्यांनी लगेच दुसरं टोक धरलं.

"मग जपानी टाक. हलकं आहे ना? पॉवर पण जास्त."

मला मोह झाला. कुर्ल्याच्या माणसाने एक इंजिन माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं, मी ते हाताने फिरवूनही बघितलं होतं. लोण्यासारखं फिरत होतं. पण मी वहिनींना विचारलं, "पेणचा रस्ता तुम्ही कसा चालवता?"

"ट्रकच्या मागे," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या गेअरमध्ये. जागा मिळाली की पुढे, नाही तर परत मागे."

हे उत्तर महत्त्वाचं होतं. ते जपानी इंजिन वरच्या स्पीडला गाणारं. त्याची ताकद यायला त्याला जोरात फिरवावं लागतं. ट्रकच्या मागे रांगताना ते नुसतं कुरकुरलं असतं आणि वहिनींचा हात कायम गेअरवर राहिला असता. अठराशेचं इंजिन हळू चालतानाच ओढतं. दिसायला अगदीच सरळसोट, पण कामाचं.

"शिवाय त्या जपान्याच्या बिलाचा पत्ता नाही," मी म्हटलं. "इंजिन बदललं की आरटीओत नवा नंबर चढवावा लागतो. ज्याचा बाप माहीत नाही असं इंजिन मी बसवत नाही."

"बंद पडलं तर?" चीफचा प्रश्न तोच होता.

"चीफ, बंद न पडणारं इंजिन मी पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंय?"

चीफ पुन्हा खांदा चोळायला लागले.

"जहाजावर कोणतं मशीन तुम्हाला आवडतं?"

"ज्याचे स्पेअर्स बोर्डावर आहेत," त्यांनी क्षणात उत्तर दिलं, आणि मग माझ्याकडे रागाने बघितलं. आपणच आपली केस हरलो हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

"अठराशेचे स्पेअर्स नेरूळपासून पेणपर्यंत प्रत्येक दुकानात आहेत. समुद्र काय, आणि पेणचा रस्ता काय, हिशोब तोच."

ठरलं. आरटीओची परवानगी घेतली आणि कामाला लागलो.

मोठं इंजिन बसवण्याआधी मी त्याचा प्लायवूडचा पुतळा करतो. मापं तीच, वजन नाही. तो उचलून आत ठेवायचा, काढायचा, सरकवायचा. खऱ्या इंजिनाशी अशी कुस्ती खेळलात तर कंबर जाते. पुतळा ठेवला आणि बॉनेट लावलं. दोन बोटं उघडं राहिलं.

"बॉनेटला भोक पारू का?" बाळारामने विचारलं. गॅसकटर त्याच्या हातातच होता.

"माझ्या बाबांच्या गाडीला भोक?" वहिनी अशा काही म्हणाल्या की बाळारामने कटर खाली ठेवला. गणिताच्या बाई वर्गात कशा असतील ते मला तेव्हा समजलं.

मग इंजिनच खाली घ्यायचं ठरलं. ते खाली आलं तर त्याचा संप गाडीच्या आडव्या बीमवर आपटत होता. संप म्हणजे इंजिनाच्या पोटाखालची तेलाची परात. बाळारामने ती पुढून कापून मागे खोल केली, म्हणजे तेल तेवढंच राहिलं आणि बीमला जागा मिळाली. रेडिएटर मोठा टाकला. इंजिन पहिल्या दिवशी सुरू झालं तेव्हा शेजारच्या शेडमधले लोकही बघायला आले. चीफने इंजिनावर हात ठेवून डोळे मिटले आणि बराच वेळ नुसतं ऐकलं. "छान आहे," ते म्हणाले. एवढंच. पण त्यांच्याकडून तेवढं म्हणजे पुष्कळ होतं आणि मला फार बरं वाटलं.

इथवर माझं काम. पुढचं चीफने स्वतःच्या डोक्याने केलं.

जहाजावर ड्रिल असते. आग लागली समजा, लाइट गेले समजा, आता काय कराल? आधी न सांगता. चीफने ही पद्धत घरी आणली. सकाळी वहिनी शाळेला निघायच्या आधी ते खाली जाऊन गाडीतलं काहीतरी बिघडवून ठेवायचे. कधी प्लगची वायर सैल करायची, कधी बॅटरीचं टर्मिनल, कधी पेट्रोलच्या नळीला चिमटा, कधी एखादा पार्टच काढून खिशात. वहिनींनी शोधायचं आणि गाडी सुरू करायची. सोसायटीतले लोक गॅलरीतून बघायचे. पहिल्या दिवसांत शाळेला उशीर झाला. मग होईना. मग वहिनी चिडायच्याही बंद झाल्या, नुसता हात पुढे करायच्या आणि चीफ खिशातून पार्ट काढून द्यायचे.

एके सकाळी चीफने डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली आणि रोटर काढला. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो गरगर फिरतो आणि प्रत्येक प्लगला त्याच्या पाळीने करंट देतो. तो नसेल तर स्टार्टर फिरेल, इंजिन पेटणार नाही. चीफने तो शर्टाच्या खिशात टाकला आणि वर गेले. तेवढ्यात कंपनीचा फोन आला. दुसरा चीफ आजारी, आजच निघा. मग एकच धावपळ. वहिनींनी शाळेत रजा कळवली. चीफच्या सामानाला टू-सीटरमध्ये जागा नव्हतीच, कंपनीने गाडी पाठवली. चीफ सहार एअरपोर्टला गेले आणि रोटर त्यांच्याबरोबर गेला.

काही दिवसांनी मला शेडमध्ये फोन आला. सिंगापूरहून. लाइनवर खरखर आणि त्यातून चीफचा ओरडा.

"शिंदे! लगेच घरी जा. वसूची गाडी सुरू होणार नाही. रोटर माझ्याकडे आहे, आत्ता शर्ट धुवायला टाकताना सापडला. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं पेणला, तिला जायचं होतं. ती अडकली असणार!"

"ऑपरेशन झालं," मी म्हटलं. "वहिनी गाडी घेऊन गेल्या आणि आल्या."

"रोटर नसताना?"

"टोपी उघडून बघितली, आत काही नाही. रिक्षा केली, स्टेशनजवळच्या दुकानात गेल्या, अठराशेचा रोटर द्या म्हणाल्या. दुकानदाराने मागच्या फळीवरून काढून दिला. दोन घेतले त्यांनी. एक डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक विचारायचं होतं, चीफ. तुम्ही जहाजावर असताना गाडी एकदा जरी अडकली तर विकायची, असं ठरलं होतं ना? नवऱ्यानेच पार्ट पळवला तर ते धरायचं का? वहिनी ऑइल बदलायला आल्यात, इथेच उभ्या आहेत. देऊ फोन?"

लाइन कट झाली. ती खरंच गेली की चीफने ठेवली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी वहिनींनी कर्जतच्या माणसाला फोन करून सांगितलं की हॉलसाठी दुसरं काहीतरी बघा.

आता माझ्याकडे कुणी इंजिन बदलायला आलं की तो आधी हॉर्सपॉवर सांगायला लागतो. मी ते सगळं ऐकून घेतो. मग विचारतो, गाडी चालवणार कोण, आणि तुमच्या घराजवळच्या दुकानात या इंजिनाचा रोटर मिळतो का? बरेच जण दुकानात जाऊन विचारून येतो म्हणतात. त्यातले निम्मे इंजिन बदलूनच परत येतात, म्हणजे इंजिनाबद्दलचं मत.