पट्टीताईंचा पाऊण तास

अठ्ठेचाळीस पोरं श्वास रोखून बसली होती आणि पट्टीताईंना त्याचा पत्ताच नव्हता!

सैन्याच्या त्या प्रशिक्षण केंद्रात योगाचा तो पहिलाच तास. कवायतीचा मोठ्ठा हॉल, फरशीवर ओळीने चटया, आणि समोर पट्टीताई. त्या म्हणाल्या, "डोळे मिटा. आता हळूच श्वास आत घ्या..." आणि नेमका तेव्हाच भिंतीवरचा पंखा खडखडायला लागला. असल्या आवाजात कसलं ध्यान? म्हणून त्या बटणाकडे वळल्या. बटण काही बंद होईना. वर-खाली, वर-खाली, एक थप्पड पण मारून झाली. आणि मागे एकदम धप्प!

वळून बघतात तर तिसऱ्या ओळीतला एक पोरगा चटईवर आडवा. बाकीचे लालबुंद, गाल टम्म फुगलेले, एकाच्या तर डोळ्यांतून पाणी चाललंय, पण कुणी हू की चू करत नाहीये!

"अरे, सोडा! सोडा की श्वास!"

एवढा मोठा फुस्स झाला की दारात हाताची घडी घालून उभे असलेले उस्ताद दचकले. उस्ताद म्हणजे पोरांना कवायत शिकवणारे, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने पोरं ताठ होतात ते.

"अरे बाळांनो, रोखून कशाला धरलात?"

पहिल्या ओळीतला सगळ्यात उंच पोरगा, ज्याला सगळे खांब म्हणायचे, ताडकन उभा राहिला. "तुम्ही सोडा म्हणालाच नाहीत, मॅडम!"

उस्तादांना हसू आवरेना. "शिस्त बघा मॅडम माझी! मरतील, पण हुकमाशिवाय श्वास सोडणार नाहीत!"

पडलेला पोरगा पाणी मारल्यावर उठून बसला आणि उठल्या उठल्या काय म्हणाला? "ठीक आहे, मॅडम!"

पट्टीताईंना हसावं की रडावं कळेना, कारण या "ठीक आहे, मॅडम"साठीच तर त्यांनी हा सगळा खटाटोप केला होता.

पट्टीताई केंद्राच्या दवाखान्यात बावीस वर्षं पट्ट्या बांधत होत्या. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल कुठेतरी, पण वापरात हेच. नुसत्या टाचेचा फोड बघून सांगायच्या, "तू बूट एक नंबर लहान घेतलायस, आणि वर मोजे पण ओले घातलेस." पोरगा थक्क! चाळिशीत त्यांची स्वतःची कंबर गेली, शेजारणीने ओढत बागेतल्या योगाच्या वर्गाला नेलं, आणि बाईंना असं काही वेड लागलं की दोन वर्षांत परीक्षा देऊन शिक्षिकेचं प्रमाणपत्रच घेऊन आल्या. नवऱ्याने ते फ्रेम करून आपल्या दुकानात लावलं. तो केंद्राचा शिंपी, गणवेश शिवायचा. गिऱ्हाईक बसलं रे बसलं की आधी फ्रेम दाखवायची, मग माप.

पण पट्टीताईंच्या जिवाला एक घोर होता. दर तुकडीत सहाव्या आठवड्यात पाठीवर वजन घेऊन बारा किलोमीटरची चाल असायची, आणि दर वेळी दहा-बारा पोरं पायाची नळी मोडून यायची. एका दिवसात नाही मोडत हो नळी! आधी आठवडे न् आठवडे दुखते. पण सांगणार कोण? पंधरा दिवसांच्या वर प्रशिक्षण बुडलं की पोरगा मागून येणाऱ्या तुकडीत, पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून सगळ्यांचं एकच उत्तर, "ठीक आहे, मॅडम!" तापाने फणफणलेला असला तरी हेच.

शेवटी त्या प्रशिक्षणाच्या मेजरसाहेबांकडे गेल्या. पोरांना शरीराकडे लक्ष द्यायला शिकवते म्हणाल्या, रोज पाऊण तास द्या. साहेबांनी दिला, तोही उस्तादांच्या कवायतीतून कापून! आणि आता पहिल्याच दिवशी पोरगा पडला म्हटल्यावर बोलावणं आलंच.

"तीन आठवडे देतो," साहेब म्हणाले. "दवाखान्याची आजारी यादी बघणार मी. नावं कमी झाली तर तास चालू. नाहीतर तुमचा पाऊण तास उस्तादांना परत."

सोपं वाटलं होतं त्यांना! प्रत्यक्षात पहिले दोन आठवडे नुसती फजिती. "लक्ष डाव्या पायाच्या अंगठ्यावर न्या" म्हटलं की अठ्ठेचाळीस अंगठे सावधानमध्ये! "अंग सैल सोडा" म्हटलं की दोन मिनिटांत अर्धा हॉल घोरतोय. उस्ताद दारातून, "वा! शत्रू आला तर याच आवाजाने पळेल!" आणि रोज शेवटी ताई विचारायच्या, "कुणाचं काही दुखतंय का?" की हॉल हादरायचा, "नाही, मॅडम!"

एका संध्याकाळी वैतागून दुकानात नवऱ्यासमोर बसल्या. "अहो, बोलतच नाहीत हो कार्टी!"

नवरा एका पँटची शिवण उसवत होता. मान वर न करता म्हणाला, "मग विचारतेस कशाला? मी कधी विचारतो का, कुठे घट्ट होतंय? विचारलं की सगळे म्हणतात, एकदम मस्त. आणि परेडला बसले की टर्रर्र! मी म्हणतो, वाका, बसा, हात वर करा, आणि जिथे ओढतंय तिथे नुसतं बोट ठेवा."

पट्टीताई उसळल्या. "हे तुम्ही मला दोन आठवड्यांनी सांगताय?"

"तू माप द्यायला कधी आलीस?"

दुसऱ्या दिवशी पोरं आडवी झाली, डोळे मिटले, आणि पट्टीताईंनी आवाज अगदी खाली आणला. "आज मी काही विचारणार नाही. तुम्ही बोलायचं नाही. पायापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवा, आणि जिथे अडकेल तिथे हात ठेवा. बस."

मिनिटभर काहीच नाही. मग एक हात हलला. मग दुसरा. मग बघता बघता हॉलभर हात सरकायला लागले, गुडघ्यावर, टाचेवर, खांद्यावर, आणि नळीवर, नळीवर, नळीवर! कोण दुमडून वळलंय, कोण कुशीवर झालंय. ताईंनी बोटांवर मोजलं. नळीवर हात असलेले एकोणीस! खांबाने तर डावी नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

तास संपला, पोरं उठली, आणि खांब मागे रेंगाळला. ताईंनी आपला हात पाहिला, हे त्याला कळलं होतं.

"मॅडम, माझं नाव नका ना लिहू. तुम्ही नुसती पट्टी बांधा. घरी सगळ्यांना सांगितलंय, मी दोन महिन्यांत गणवेशात येतोय म्हणून."

आणि खरी गोम इथेच होती! पट्टी गुपचूप बांधली असती तर कुणाला कळलं असतं? यादी रिकामी, साहेब खूश, तास चालू, खांब खूश. एकोणीस नावं लिहिली तर? आठवड्याला चार-पाच नावं असणाऱ्या यादीत एकदम एकोणीस, तेही शेवटच्या आठवड्यात! आपल्याच हाताने आपला तास बुडवायचा. पट्टीताईंचा पेन वहीवर थांबला. खांब बघतोय. त्याच्या नळीला त्यांनी हळूच बोट लावलं, आणि एवढा उंच पोरगा ओठ चावून भिंतीला टेकला.

त्यांनी नाव लिहिलं. सगळी एकोणीस लिहिली, आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "सगळ्यांचे एक्सरे. आजच्या आज!"

नवऱ्याने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, यादी कमी करायची होती ना?"

"हो."

"आणि तू चौपट केलीस?"

"हो!" म्हणाल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

निकालाच्या दिवशी साहेबांच्या टेबलावर यादी उघडी पडली होती. उस्ताद बाजूला सावधान. साहेबांनी एकोणीसच्या आकड्यावर बोट ठेवलं. "मॅडम, मी कमी म्हणालो होतो."

"साहेब," ताई म्हणाल्या, आणि मग असं धो धो बोलल्या! "दुखणारे पाय वाढलेले नाहीत, ते दिसायला लागलेत! एक्सरे बघा. तिघांच्या नळीला केसाएवढी चीर आहे. सोळा जणांचं हाड अजून शाबूत आहे, आठवडाभर विश्रांती दिली की चालायला लागतील. आणि सोमवारी वजन घेऊन बारा किलोमीटर! सोमवारी संध्याकाळी हे सगळे माझ्याकडे स्ट्रेचरवरून आले असते!"

साहेब उस्तादांकडे वळले. "तुमचा पाऊण तास. परत हवाय ना?"

उस्ताद समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "याआधीच्या तुकडीत माझी अकरा पोरं त्या चालीत पाय मोडून बसली, साहेब. रोज सकाळी मी ओरडून विचारायचो, काही त्रास? नाही, उस्ताद! मला वाटायचं, काय तयार केलीत पोरं! मोडली तेव्हा मी त्यांना कच्ची म्हणालो." त्यांनी मान हलवली. "नको मला तो तास. मॅडमकडे राहू दे."

साहेबांनी यादी मिटली. तास चालू! वर सोळा जणांची चाल आठवडाभर पुढे ढकलली, त्यांचे दिवस बुडाले धरायचे नाहीत असं तिथल्या तिथे लिहून दिलं!

पट्टीताई पळत सुटल्या. या वयात, चपला हातात घेऊन, थेट मैदानाच्या मधून, जिथून चालायची कुणाची टाप नाही! दवाखान्यात शिरल्या आणि खांबाची खाट दिसली तशा जागीच थांबल्या. तीन चिरांतली एक त्याची होती. सहा आठवडे प्लास्टर. म्हणजे मागून येणारी तुकडी, पुन्हा पहिल्यापासून.

खांब भिंतीकडे तोंड करून पडला होता. ताई खाटेच्या कडेला बसल्या. काय बोलणार? श्वास घे म्हणायचीही लाज वाटली. त्यांनी नुसता त्याच्या प्लास्टरवर हात ठेवला.

"किती रागावलायस?"

भिंतीकडे बघतच तो पुटपुटला, "मॅडम, दुखतंय. खूप."

बावीस वर्षांत पहिल्यांदा! या दवाखान्यात, स्वतःच्या तोंडाने!

"कुठे? नीट सांग, कुठे?" पट्टीताई इतक्या आनंदाने ओरडल्या की शेजारच्या खाटेवरचा पोरगा उठूनच बसला.

"माझं पण, मॅडम! टाचेत! तीन आठवडे झाले!"