उडीचं बटण

मानवतच्या मोंढ्याकडं, म्हणजे धान्यबाजाराकडं, जाणाऱ्या रस्त्यावर व्यंकटरावांची दुमजली इमारत होती. खाली तीन गाळे, वर एक लांबट खोली. कडेच्या गाळ्यात आश्रुबाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आणि वरच्या खोलीत कोकिळाबाईंचा टायपिंगचा क्लास.

आश्रुबा मूळचा पोखर्णीचा. भावाच्या हाती शेती सोपवून तो हैदराबादला दोन वर्षं एका मेकॅनिकच्या हाताखाली राहिला आणि काम शिकून आला. त्यानं तारेच्या जोडाला कथलाचा डाग दिलेला कुठं दिसत नाही, असं लोक म्हणायचे. त्याला ते ऐकायला आवडायचं. दुरुस्त केलेला सेट गिऱ्हाइकाच्या हातात देताना तो मुद्दाम विचारायचा, "सांगा बरं, कुठं हात लावलाय?"

१९९२च्या दिवाळीत व्यंकटरावांनी मधल्या गाळ्यात व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. तीन टीव्ही, तीन गेम. गर्दी व्हावी म्हणून समोरच्या फळीवर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला एक नवा टेप रेकॉर्डर ठेवला आणि पाटी लावली. किल्ल्याचा गेम एका बैठकीत आठही दरवाजे पार करून जो संपवील, त्याला टेप बक्षीस.

त्या खेळात एक बारका शिपाई किल्ला चढायचा; एका बैठकीला असे तीन शिपाई मिळायचे. वरून दगड यायचे, पायाखालची फळी निसटायची. शाळकरी पोरं तिसऱ्या दरवाज्याच्या पुढं जात नव्हती.

कोकिळाबाई पहिल्यांदा खाली आल्या त्या भांडायला. त्या एकोणतीस वर्षांच्या होत्या, लग्न झालेलं नव्हतं, आणि म्हाताऱ्या आईसोबत राहायच्या.

"अहो, तुमच्या ह्या आवाजात माझ्या पोरींचा ठेका चुकायलाय," त्या व्यंकटरावांना म्हणाल्या.

व्यंकटराव हसले. "बाई, एकदा खेळून तर बघा. मग भांडा."

दुपारची वेळ होती, दुकान रिकामं होतं. बाई स्टुलावर बसल्या आणि पहिल्याच खड्ड्यात शिपाई घालून बसल्या. दुसऱ्या दिवशी एक ते चारमध्ये बॅच नसताना त्या परत आल्या. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा हातात लहान वही होती. कोणत्या वळणावर किती मोजून उडी मारायची, ते त्या वहीत लिहून ठेवायच्या.

आश्रुबा आपल्या टेबलावरून बघत राहायचा. एकदा त्यानं विचारलं, "बाई, सारखं मरायलाय तो शिपाई. कटाळा येत न्हाई का?"

"कशाला येईल? हा खेळ लय कडक हाय, पण लबाड न्हाई. दगड पडायच्या आधी भिंत थरथरते, बघितलं का? मला दिसलं न्हाई तर चूक माझी. टायपिंगचं असंच असतंय. मी पोरींना पहिल्या दिवशी सांगते, मशीनला दोष द्यायचा न्हाई, आपलं बोट कुठं चुकलं ते बघायचं."

जानेवारी संपता संपता बाई आठव्या दरवाज्याला पोचल्या. तिथं तुटका पूल होता. त्याच्यावर एकापाठोपाठ तीन उड्या, तिन्ही अगदी काठावरून. दोन त्यांना जमल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटराव आश्रुबाच्या दुकानात येऊन बसले.

"बाई दोन-चार दिवसांत टेप उचलून नेणार. मग माझ्याकडं कोण येईल? त्या खेळतात त्या दाराजवळच्या टीव्हीच्या गेमच्या रिमोटचं उडीचं बटण बघ जरा. बंद नको करू. कवा लागावं, कवा लागू नये, असं कायतरी कर."

"मालक, बेइमानी हाय ही."

"कोणाला दिसणार हाय? दुसऱ्या कोणाला जमणार न्हाई म्हणून तर तुझ्याकडं आलो."

गाळा त्यांचा होता, हे खरं. पण आश्रुबानं पुढं कधी ते कारण स्वतःला सांगितलं नाही, कारण खरी गोष्ट वेगळी होती. हे काम आपल्याला किती बारीक जमतंय, हे त्याला बघायचं होतं. त्यानं रिमोट उघडून उडीच्या बटणाचं रबर उचललं. रबराच्या खाली कार्बनची काळी टिकली असते, ती खालच्या पट्टीला टेकली की बटण लागतं. त्या टिकलीच्या कडेला त्यानं काडीच्या टोकानं वार्निशचा पातळ हात दिला, वाळवला, आणि दाबून बघितलं. आठ वेळा उडी लागली, नवव्यांदा चुकली. फारच सुरेख झालं होतं. तो एकटाच हसला.

त्या दुपारी बाई पहिल्या उडीलाच पुलावरून पडल्या. आठवडाभर तेच. मग चौथ्या दरवाज्यातही पडायला लागल्या. वहीतली मोजदाद त्यांनी खोडून परत लिहिली, परत खोडली. दुकानातल्या एका पोरानं बटण खराब असेल म्हटलं, तर त्यालाच त्या म्हणाल्या, "बटण चांगलंय रे, मघाशी लागलं की."

फेब्रुवारीत एकदा त्या आश्रुबाच्या टेबलापाशी थांबल्या. उजव्या हाताचं बोट उघडझाप करत होत्या.

"आश्रुबा भाऊ, माझं बोट मागं पडायलंय. डोळ्याला दिसतंय, मन म्हणतंय उडी मार, अन् बोट उशिरा दाबतंय."

सांगायची वेळ तीच होती. दुकानात तिसरं कोणी नव्हतं. आश्रुबा हातातल्या रेडिओत मान घालून म्हणाला, "वय हाय बाई. डोळे तपासून घ्या एकदा."

त्यांनी परभणीला जाऊन डोळे तपासले. नजर चांगली निघाली. म्हणजे दोष बोटातच, असं त्यांनी धरलं. क्लासमध्ये मजकूर टाइप करून दाखवताना त्यांचं लक्ष कागदावरून बोटांवर जायला लागलं, आणि बोटांकडं बघून टाइप करणाऱ्याच्या चुका होतातच. मिनिटाला चाळीस शब्दांच्या वेगाची परीक्षा केव्हाच पास झालेल्या बाई साध्या पत्रात अक्षरं गाळायला लागल्या.

मार्चमध्ये परभणीला कारकुनाच्या जागेसाठी टायपिंगची परीक्षा होती. बाईंना पत्र आलं होतं. वयाच्या अटीत बसण्याची ती शेवटची खेप. परीक्षेच्या दिवशी सकाळी आश्रुबानं शटर उघडलं तर बाई जिना झाडत होत्या.

"बाई, आज परभणीला जायचं होतं ना?"

"न्हाई गेले. साहेबासमोर फजिती करून घेण्यापेक्षा बरं."

आश्रुबा आत गेला. दुपारी त्यानं कुणाला न सांगता बटण उघडलं आणि स्पिरिटनं वार्निश पुसून काढलं. आता बाई येतील, खेळतील, जिंकतील आणि आपली सुटका होईल, असं त्याला वाटत होतं. बाई आल्याच नाहीत. आठ दिवस गेले, पंधरा गेले. काम करताना तो जिन्याकडं कान देऊन असायचा.

शेवटी एका दुपारी तो गेमचा रिमोट घेऊन जिना चढला. बाई एका मशीनची रिबन बदलत होत्या. त्यानं रबर उचलून काळी टिकली दाखवली आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

बाईंनी एवढंच विचारलं, "कवा लावलं हे?"

"जानेवारीच्या शेवटी."

"म्हणजे मी बोटाचं बोलले त्याच्या आधी."

"हो."

"अन् तुमी म्हणालात, वय हाय."

बाई रिबनची शाई लागलेली बोटं फडक्याला पुसत राहिल्या.

"मी रडत होते घरी," त्या म्हणाल्या. "आई विचारायची, काय झालं. मी सांगायचे, कायी न्हाई. खेळ अवघड होता त्याचं मला कायी वाटलं न्हाई, भाऊ. शंभरदा पडले असते. पण तुमी मला माझ्याच बोटाबद्दल खोटं सांगितलं." मग त्या उठल्या. "आता नीट हाय का बटण?"

"नीट हाय."

त्या तशाच खाली आल्या आणि स्टुलावर बसल्या. आश्रुबानं रिमोट जोडून दिला आणि मागं उभा राहिला. पोखर्णीच्या नरसिंहाला तो नवस बोलला, बाईंना जिंकू दे. बाई सात दरवाजे न अडखळता चढल्या. पुलावर पहिली उडी गेली, दुसरी गेली, तिसरीला शिपाई पडला. परत एकदा पडला. शेवटचा शिपाईही तिथंच पडला.

"आता मी लवकर दाबलं," बाई म्हणाल्या. "ही माझी चूक."

बटण चांगलं असतं तर त्या जानेवारीत जिंकल्या असत्या का? परभणीला पास झाल्या असत्या का? आश्रुबाला ते कधीच कळणार नव्हतं. त्या जिंकल्या नाहीत याचं त्याला क्षणभर बरं वाटलं, म्हणजे टेप तरी आपण घालवला नाही, असं. आणि तसं वाटल्याची त्याला जास्त लाज वाटली.

जिन्याच्या पायरीवर बाई थांबल्या. "ह्या टीव्हीवर पोरंबी खेळत होती. त्यांनापण सांगा."

संध्याकाळी दुकान भरलं तेव्हा आश्रुबानं सांगितलं. पोरांनी आधी आरडाओरडा केला, मग हसली, आणि दुसऱ्या टीव्हीकडं वळली. व्यंकटरावांनी महिनाअखेर आश्रुबाचा गाळा रिकामा करून घेतला.

आश्रुबा वालूरला गेला. एका किराणा दुकानाच्या ओट्यावर टेबल टाकून रेडिओ, पंखे दुरुस्त करू लागला. सेट परत देताना तो आता कुठं काय केलंय ते दाखवून द्यायचा. कुठं हात लावलाय, असं विचारायचा नाही.

पुढच्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. त्या दिवसांत बंद आणि दगडफेकीमुळं एसटीच्या गाड्यांचा भरवसा नव्हता. सामान आणायला मानवतला आलेला आश्रुबा तिथंच अडकला. तिसऱ्या दिवशी सेलूची गाडी सुटणार असं कळल्यावर स्टँडवर माणसं लोटली. त्यात कोकिळाबाई होत्या, हातात पिशवी.

"बाई, बऱ्या हायेत ना?"

"बरी हाय. सेलूला एका क्लासची परीक्षा घ्यायला चालले."

"दुसरी जागा निघाली का कुठं?"

"निघाली असंल. माझं वय बसत न्हाई आता."

त्या रागानं बोलल्या नाहीत, आणि आपलेपणानंही नाहीत. तुमचं कसं चाललंय, असं त्यांनी विचारलं नाही. गाडी लागली तशी गर्दी दाराकडं धावली. बाई चढल्या आणि पुढच्या बाजूला त्यांना जागा मिळाली. वालूरला जायला आश्रुबालाही तीच गाडी धरायची होती. कंडक्टरनं त्याच्याकडं बघून विचारलं, "यायचंय का?"

"न्हाई," आश्रुबा म्हणाला. तो पिशवी घेऊन बाकावर बसला आणि दुसऱ्या गाडीची वाट बघू लागला. ती येणार की नाही, हे स्टँडवर कोणालाच माहीत नव्हतं.